शेजारणीची गाठ

प्रश्न : मी अटलांटात राहते. माझ्या आफ्रिकन-अमेरिकन शेजारणीला ३८व्या वर्षी ट्रिपल निगेटिव्ह स्तनकर्करोग निघाला. ‘आमच्या रक्तातच आहे,’ म्हणते. खरं का?

उत्तर : ताई, थोडं खरं आहे. ट्रिपल निगेटिव्ह म्हणजे गाठीच्या पेशींवर इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि हर-२ हे तिन्ही ग्राहक (रिसेप्टर) नसलेला स्तनकर्करोग. हा प्रकार तिथल्या कृष्णवर्णीय बायकांत गोऱ्यांच्या साधारण दुप्पट आढळतो. पण ‘आफ्रिकन रक्त’ असं एकच काही नसतं. स्तनकर्करोगाच्या अमेरिकन शल्यविशारद डॉ. लिसा न्यूमन यांच्या चमूने पश्चिम आफ्रिकेतल्या घाना आणि पूर्व आफ्रिकेतल्या इथिओपियातल्या रुग्णांची तुलना केली. घानात या प्रकाराचं प्रमाण कितीतरी जास्त निघालं, आणि गुलाम म्हणून अमेरिकेत नेलेल्यांपैकी बरेचजण पश्चिम आफ्रिकेतलेच होते.

मात्र मृत्यूचं सगळं खापर जनुकांवर फोडू नका. सगळे प्रकार धरले तर अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बायकांत स्तनकर्करोग गोऱ्यांपेक्षा किंचित कमी होतो, तरी त्याने मरण्याचं प्रमाण सुमारे ४० टक्के जास्त आहे. मी तिकडे शिकत असताना एक बाई आली होती. तिच्या हातातल्या कागदावर बायोप्सीची तारीख तीनदा खोडलेली होती, आणि तोवर गाठ लिंबाएवढी झाली होती. तो कागद मी विसरलेली नाही.

शेजारणीला बीआरसीए चाचणीबद्दल, म्हणजे स्तनकर्करोगाचा धोका वाढवणाऱ्या आनुवंशिक जनुकदोषांच्या तपासणीबद्दल, डॉक्टरांना विचारायला सांगा. औषधं ठरवायला ती कामी येते, बहिणींनाही उपयोगी पडते. आणि केमोच्या दिवशी जमलं तर तुम्ही सोबत जा.