कोयनेत १०५ टीएमसी, नासर तलावात ५,७००. आपली धरणं एवढी लहान का?

तुम्ही विचारलंय, की कोयना भरली तर १०५ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी) आणि इजिप्तच्या आस्वान धरणामागचा नासर तलाव भरला तर सुमारे ५,७०० टीएमसी, मग आपण मोठी धरणं का बांधली नाहीत?

माझी उभी नोकरी पाटबंधारे खात्यात आवक-विसर्गाच्या नोंदी ठेवण्यात गेली. त्यामुळे धरणाचा आकडा ऐकला की मी आधी विचारतो, नदीला वर्षाला पाणी किती येतं?

आस्वानपाशी नाईलला सरासरी वर्षाला सुमारे ३,००० टीएमसी येतं. म्हणजे तलावात जवळजवळ दोन वर्षांची नाईल मावते, आणि तो मुद्दामच तसा बांधलाय. इजिप्तमध्ये पाऊस नाहीच म्हणा ना. बहुतेक पाणी इथिओपियाच्या डोंगरांतलं, आणि तिथला पावसाळा सलग काही वर्षं दगा देऊ शकतो. १९८० च्या दशकात तेच झालं. इथिओपियात दुष्काळानं माणसं मेली. इजिप्तची शेती साठवलेल्या पाण्यावर तगली. याची किंमतही मोठी आहे. १९५९ च्या इजिप्त-सुदान करारात बाष्पीभवन आणि इतर घटीपोटी वर्षाला १० अब्ज घनमीटर धरले आहेत, म्हणजे साडेतीनशे टीएमसी. हा आकडा टीएमसीत मांडला तेव्हा मी हिशेब दोनदा तपासला. तीन कोयना भरून उरतील एवढं पाणी!

कोयनेचं पाणलोट क्षेत्र जेमतेम ८९२ चौरस किलोमीटर, पण पाऊस महाबळेश्वर-नवजा पट्ट्यातला. बहुतेक वर्षी मावेल त्याहून जास्त येतं, दरवाजे उचलावे लागतात. साठा पुढच्या जूनपर्यंत पुरला की झालं. उन्हाळ्यात खाली गेलेलं धरण ऑगस्टमध्ये काठोकाठ. याउलट अमेरिकेतल्या कोलोरॅडोवरच्या धरणांत मिळून नदीचं साधारण चार वर्षांचं पाणी मावतं. तिथला मीड तलाव २००० च्या सुमारास जवळपास भरलेला होता, तो जुलै २०२२ मध्ये पाव हिश्श्यावर आला. एका पावसाळ्यात तो भरून निघत नाही. कांगोचं खोरं विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना आहे, उत्तरेला कोरडं असताना दक्षिणेला पाऊस असतो, म्हणून ती नदी धरणाशिवायही बारमाही भरून वाहते.

पण लांब कशाला जायचं, जायकवाडी बघा. क्षमता सुमारे १०२ टीएमसी, कोयनेच्या तोडीची. मात्र खोऱ्याचा मोठा भाग पर्जन्यछायेत, वर धरणांची रांग, आणि तलाव उथळ, पसरट. कित्येक वर्षं तो भरतच नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात उपयुक्त साठा संपला आणि मृतसाठ्यातून, म्हणजे एरवी न वापरता तळाशी राहणाऱ्या साठ्यातून, पाणी उचलावं लागलं. कोयनेसारखा एका वर्षाचा हिशेब या धरणाला लावून चालत नाही. भरल्या वर्षी थोडं पाणी पुढच्या वर्षासाठी राखलंच पाहिजे, त्यातलं काही उन्हात उडालं तरी.