दोघं पुरुष, लग्न नाही : एक गेला तर दुसऱ्याला पेन्शन मिळते का?

प्रश्न असा आहे : आम्ही दोघं पुरुष, अकरा वर्षं एकत्र राहतोय. तो प्रायव्हेट कंपनीत आहे, पीएफ कापला जातो. उद्या त्याला काही झालं तर त्याची पेन्शन मला मिळेल का? मृत्युपत्र करून ठेवलं तर काम होईल का?

मिळू शकते. पण मृत्युपत्राने नाही, एका फॉर्मच्या खालच्या चौकटीमुळे, आणि ती चौकट बहुतेक लोक कोरी सोडतात.

नाव लपवून लिहितोय, कारण पुढे कळेलच. भोसरी-चाकण पट्ट्यातल्या वर्कशॉपांचं पगार आणि पीएफचं काम करण्यात माझी बावीस वर्षं गेली, आणि घरी मी पण तुमच्याच गाडीतला प्रवासी. माझा जोडीदार जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, मी त्याला मास्तरच म्हणतो. सोसायटीत अर्ध्या लोकांना आम्ही मामे-आतेभाऊ वाटतो, आम्हीही कधी खोडलं नाही.

आधी तुमचा पार्टनर पीएफच्या पेन्शन स्कीममध्ये, म्हणजे ईपीएस ९५ मध्ये आहे का ते बघा. १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदा पीएफ सुरू झाला आणि तेव्हा बेसिक-डीए मिळून १५,००० च्या वर होते तर त्याला ईपीएस लागूच नाही, सगळा पैसा पीएफमध्येच जातो. पासबुक उघडा, शेवटी पेन्शनचा कॉलम असतो, तिथे महिन्याला १,२५० (किंवा पगार कमी असेल तर त्याहून कमी) पडतायत का बघा. शून्य दिसलं तर पेन्शनचा विषय संपला, पीएफच्या नॉमिनेशनकडे वळा.

पडत असतील तर आता गंमत ऐका. ईपीएसच्या हिशोबात फॅमिली म्हणजे नवरा किंवा बायको आणि मुलं, बस्स, आई-वडील त्यात येत नाहीत. आणि त्याच स्कीमच्या १६ व्या परिच्छेदात म्हटलंय की ज्याला अशी फॅमिली नाही तो कुणाही एका माणसाला नॉमिनी करू शकतो, आणि मेंबर गेल्यावर त्या माणसाला विधवेला मिळाली असती तेवढी पेन्शन दर महिन्याला मिळते, मरेपर्यंत. पीएफ-पेन्शनच्या नॉमिनेशनचा जो फॉर्म २ असतो, त्याचा पार्ट बी काढून बघा. वर बायको-मुलांचा तक्ता आहे, आणि त्याच्या खाली एक छोटी चौकट, की माझ्यामागे पेन्शनला पात्र कुटुंबीय नसेल तर ती पेन्शन खालील व्यक्तीला द्यावी. नाव, पत्ता, जन्मतारीख, नातं. लग्न मान्य असतं तर तुम्ही फॅमिली झाला असता, ते नाही म्हणून कायद्याच्या लेखी तो अविवाहित आणि तुम्ही 'कुणीतरी', आणि या चौकटीत नेमकी कुणातरीसाठीच जागा आहे. लिहिणाऱ्याच्या डोक्यात आपण खचितच नसणार.

चौकट कोरी राहिली तर मात्र पेन्शन अवलंबून असलेल्या वडिलांकडे जाते, ते नसतील तर आईकडे, तुम्ही चित्रातच नाही.

माझा स्वतःचा किस्सा सांगतो. मध्ये मी नोकरी बदलली तर नव्या ठिकाणच्या एचआरच्या पोराने माझ्या फॉर्मच्या त्या चौकटीत सरळ 'लागू नाही' असं लिहून टाकलं होतं. मी फॉर्म परत मागितला तर म्हणे काका तुमचं लग्नच नाही झालेलं तर विधवा पेन्शन कुणाला देणार. मी मास्तरचं नाव लिहिलं. नात्याच्या रकान्यात हात 'मामेभाऊ' लिहायला गेला होता, मग थांबलो आणि 'मित्र' लिहिलं. तो म्हणाला, भावाचं नाव टाका ना, मित्र कसा चालेल? म्हटलं चालतो, सही कर. तुम्हीही तिथे खोटं नातं लिहू नका, क्लेमच्या वेळी पुरावा मागितला की तेच अंगाशी येतं.

आता पीएफची जमा रक्कम आणि पेन्शन यात गल्लत करू नका, सगळे करतात. पीएफच्या रकमेसाठी फॅमिलीची व्याख्या वेगळी आहे, त्यात अवलंबून असलेले आई-वडील येतात. म्हणजे त्याची आई त्याच्यावर अवलंबून असेल तर पीएफच्या रकमेला तुमचं नाव लावलं तरी ते नॉमिनेशन टिकत नाही, पेन्शनचं मात्र टिकतं. दोन पार्ट, दोन नियम. आणि घरच्यांच्या दबावाने त्याने उद्या लग्न केलं तर तुमचं नाव दोन्हीकडून बाद, कुणी कळवतही नाही.

रक्कम मात्र ऐकून हुरळून जाऊ नका. पेन्शनसाठी धरला जाणारा पगार, साधारण १५,०००, गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७०. दहा वर्षं भरली असतील तर साधारण २,१४३ रुपये. नोकरीत असताना गेला तर तुम्हाला निदान तेवढी, रिटायर होऊन पेन्शन सुरू झाल्यावर गेला तर निम्मी, कमीत कमी १,००० ठरलेले आहेत. आमच्याकडे महिन्याचा किराणा पण त्यात येत नाही.

आणि इथेच मला राग येतो. मास्तर २००५ च्या नोव्हेंबरच्या आधी लागलेला, म्हणजे जुनी पेन्शन. सरकारी कुटुंब निवृत्तिवेतन शेवटच्या बेसिकच्या ३० टक्के असतं, बेसिक ७०,००० धरलं तर २१,००० आणि वर महागाई भत्ता. त्यात मला एक रुपया मिळणार नाही, कारण तिथे आपल्या मर्जीचं नाव लिहायला चौकटच नाही, बायको, मुलं अशी ठरलेली यादी आहे आणि यादीबाहेरचा माणूस म्हणजे कोणीच नाही. म्हणजे माझी चिमूटभर पेन्शन त्याला जाईल, त्याची घसघशीत पेन्शन सरकारजमा. मृत्युपत्राचं तुम्ही विचारलंत ना, तर सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्येच सांगून ठेवलंय (व्हायोलेट आयझॅक केस) की फॅमिली पेन्शन ही कर्मचाऱ्याची मालमत्ताच नाही, त्यामुळे ती मृत्युपत्राने कुणाला देता येत नाही. मृत्युपत्र कराच, पण ते फ्लॅट, बँक, पीएफच्या रकमेसाठी, कारण नॉमिनी झालं म्हणजे मालक झालं असं नसतं, वारस भांडू शकतात.

१७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने समलिंगी लग्नाला नाही म्हटलं, पण कॅबिनेट सेक्रेटरीच्या समितीने काय काय बघावं याच्या यादीत तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी ग्रॅच्युइटी, फॅमिली पेन्शन, विमा हे सगळं लिहिलं होतं. समिती एप्रिल २०२४ मध्ये नेमली, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्राने स्पष्ट केलं की बँकेत जॉइंट अकाउंट उघडायला आणि त्या खात्यावर पार्टनरला नॉमिनी करायला कसलीही बंदी नाही, रेशन कार्डालाही एक घर म्हणून धरायचं ठरलं. पेन्शनची यादी आहे तशीच आहे. मास्तर म्हणतो रेशन एकत्र चालतं म्हणजे आपण जिवंत असेपर्यंत कुटुंब. मग आम्ही काय केलं तर त्याच्या पगारातून दर महिन्याला ठराविक रक्कम 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो' अशा जॉइंट खात्यात टाकतो, पेन्शन बुडणारच आहे तर आत्ताच साठवायची.

तुम्ही या आठवड्यात पीएफच्या पोर्टलवर ई-नॉमिनेशन करून टाका, तुमचा आधार आणि त्याचा ओटीपी लागेल, आणि पेन्शनचा भाग खरंच सेव्ह झालाय का ते परत उघडून बघा. पीडीएफ दोघांच्या फोनमध्ये ठेवा. नंतर क्लेमचा फॉर्म १०-डी असतो, तो तुम्हालाच भरायचाय, त्याला नाही, तेव्हा त्याचा यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा कायमचा नंबर, तुम्हाला माहीत हवा. जमलं तर कागदी फॉर्म २ वरही कंपनीचा सही-शिक्का घ्या. आमची झेरॉक्स गॅसच्या पुस्तकात खोचलेली आहे, कारण घरात कुठे असते हे दोघांनाही ठाऊक असलेली ती एकमेव वस्तू आहे.