स्थानिक वीजजाळ्यात पुरवठा आणि ग्राहकांची मागणी यांचा मेळ कसा घातला जातो?

तारांमध्ये वीज साठून राहत नाही, त्यामुळे निर्मिती आणि वापर यांचा तोल क्षणोक्षणी राखावा लागतो. मागणी वाढली की फिरती जनित्रे किंचित मंदावतात, वारंवारता (विजेच्या प्रवाहाची दर सेकंदाची आवर्तने) ५० किंवा ६० हर्ट्झच्या खाली घसरते आणि जनित्रांचे नियंत्रक ती सावरतात. मोठ्या जाळ्याशी जोडलेल्या स्थानिक जाळ्यात मात्र खरी अडचण वारंवारतेची नसून रोहित्राची (ट्रान्सफॉर्मरची) क्षमता आणि विद्युतदाब यांची असते: दुपारी छतांवरील सौरवीज उलट दिशेने वाहू लागली की फीडरच्या, म्हणजे घरांपर्यंत वीज नेणाऱ्या वाहिनीच्या, टोकाला दाब वाढतो, तर संध्याकाळी त्याच फीडरवर भार वाढून दाब उतरतो. यावर बॅटरीचा उपाय लगेच सुचतो. तरी पाणी तापवणे, पंप चालवणे, वाहनांचे चार्जिंग अशी पुढेमागे सरकवता येणारी कामे वेळेनुसार बदलणाऱ्या दरांनी हलवणे हे, माझ्या मते, आधी करून पाहावे. अर्थात, स्वस्त दर सर्वांसाठी एकाच मिनिटाला सुरू झाला, तर त्याच क्षणी मागणीचा नवा उच्चांक उभा राहतो, म्हणून चार्जिंगच्या वेळा मुद्दाम विखुरलेल्या ठेवाव्या लागतात. जाळे मोठ्या जाळ्यापासून वेगळे, स्वतंत्र चालत असेल, तर वारंवारतेचीही जबाबदारी त्याच्याच जनित्रांवर आणि सौरपॅनेल किंवा बॅटरीची वीज जाळ्याला जुळवून देणाऱ्या इन्व्हर्टरवर येते.