‘सिली मिस्टेक’ दर वेळी तशीच का होते?

दहावीच्या पालकांची एक तक्रार ठरलेली असते : ‘मॅडम, घरी सगळं येतं, पेपरात सिली मिस्टेक करतो.’ नागपुरातल्या मानेवाड्याहून आलेल्या एका आईने त्यात भर घातली, ‘लक्षच नसते त्याचं. मोबाइल काढून घेतला, तरी तेच करून राहिला.’ मुलाला आपण सोहम म्हणू.

अशा वेळी मी आधी पेपर मागते. सोहमला २क्ष + ३य = १२ आणि क्ष − य = १ ही समीकरणं आलेखाने सोडवायची होती. उत्तर (३, २). त्याचं आलं होतं (२, ३). पठ्ठ्याने समासात ताळाही केला होता : ४ + ९ = १३.

‘इथे बारा यायला हवे होते ना?’

‘एकाचाच फरक होता. वाटलं, पट्टी हलली असेल.’

पट्टी हलली तर उत्तर जरासं इकडेतिकडे सरकतं. नेमकं उलटं होत नाही. बेफिकीर मुलाच्या चुका विस्कळीत असतात. इथे तर शिस्त होती. मूल चुकतं तेव्हा बहुतेकदा ते स्वतःचा एखादा नियम पाळत असतं, असं मी मानते. तो नियम त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचा, एवढंच आपलं काम.

शिकवणीत त्याला झटपट रीत मिळाली होती. क्ष शून्य धरून य काढा, य शून्य धरून क्ष काढा; रेषा दोन्ही अक्षांना कुठे छेदते ते कळतं, दोन बिंदू जोडले की झाला आलेख. आकडेमोड चोख होती : क्ष = ० तर ३य = १२, म्हणून य = ४. य = ० तर २क्ष = १२, म्हणून क्ष = ६. पण आलेखावर ४ ची खूण क्ष-अक्षावर होती आणि ६ ची य-अक्षावर.

‘हा चार इथे का मांडला?’

‘क्ष शून्य ठेवला ना, म्हणून क्ष-अक्षावर.’

सापडला नियम. दुसऱ्या रेषेलाही त्याने तोच लावला होता. त्यामुळे क्ष = य या रेषेवर आरसा धरावा तसं सगळं चित्र पलटलं आणि उत्तरही पलटलं. घरी का जमायचं, तेही उलगडलं. सरावाला तो क्ष + य = ५ सारखे आलेख काढायचा. तिथे (५, ०) आणि (०, ५) यांची अदलाबदल केली तरी रेषा तीच राहते. चूक होत होतीच, पण ती दिसायला जागा नव्हती. वहीभर बरोबरच्या खुणा!

नियम सांगून मोडत नाही. मी कागदावर मेट्रोच्या दोन लाइन काढल्या. दोन्ही जिथे छेदतात ते बर्डी (सीताबर्डी) स्थानक म्हणजे आरंभबिंदू; आडवी ॲक्वा, उजवीकडे प्रजापती नगर; उभी ऑरेंज, वर ऑटोमोटिव्ह चौक.

‘बर्डीहून ॲक्वाने प्रजापती नगरकडे निघालास. ऑटोमोटिव्ह चौकाच्या दिशेने किती गेलास?’

‘अजिबात नाही. पण मॅडम, ॲक्वा इतकी सरळ थोडीच आहे!’

‘कागदावर आहे. मग आडव्या लाइनवर शून्य काय?’

‘वर जाणं. म्हणजे य.’ पेन्सिल थांबली. ‘म्हणजे क्ष-अक्षावर य शून्य? मग माझा चार तर उभ्या लाइनवर पाहिजे!’

त्याने स्वतःच खोडलं. मी ‘शाब्बास’ म्हणाले नाही, मुद्दाम. त्या क्षणी कौतुक केलं की मूल आकृती सोडून आपल्या तोंडाकडे बघू लागतं.

पालकांनो, ‘लक्ष दे’ हे सांगणं आता थांबवा. जुने दोन-तीन पेपर शेजारी ठेवा आणि एकच चूक पुन्हा पुन्हा दिसते का ते पाहा. आलेखाच्या उदाहरणात मुलाला बिंदू आधी कंसात पूर्ण लिहायला लावा, (०, ४) असा; नुसता ‘य = ४’ लिहिला की खूण भरकटते. अक्षांबाहेरचा तिसरा बिंदू हवाच. इथे क्ष = ३ धरलं तर य = २ येतो. सोहमच्या चुकीच्या रेषेवर क्ष = ३ पाशी य दीड भरतो. एक सेंटिमीटरला एक एकक धरलं तर अर्ध्या सेंटिमीटरची तफावत, डोळ्यांना सहज दिसणारी. आणि ताळ्यात एकाचाही फरक चालवून घ्यायचा नाही.

उणे चिन्ह गळणं ही दुसरी नेहमीची चूक : ३क्ष − ४य = १२ मध्ये क्ष = ० धरलं तर य = −३, तीन नव्हे. ३क्ष + ५य = ७ मध्ये ही रीत सात तृतीयांश आणि सात पंचमांश देते. ते आलेखावर अचूक बसवत बसण्यापेक्षा (−१, २) आणि (४, −१) घ्यावेत.

पुढच्या भेटीत सोहम २क्ष − य = ० घेऊन आला. ‘दोन्ही वेळा शून्यच येऊन राहिलं.’ रेषा आरंभबिंदूतून गेली तर तसंच होणार. दुसरा बिंदू वेगळा शोधावा लागतो. मी बोलायच्या आत त्याने क्ष = १ धरून (१, २) मांडला होता.