शहर आधी येतं, नळ मागाहून

शहरं वाढल्याने भलं होतं की वाटोळं, या अर्थाचे प्रश्न वाचकांकडून सतत येत असतात. त्यांतल्या सहा प्रश्नांना इथे उत्तरं देतो आहे. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ४५ टक्के लोक शहरांत राहत होते, देशातले ३१ टक्के. २०२१ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे खालचे बरेच आकडे जुने आहेत.

प्रश्न (लांजा, रत्नागिरी): आमच्या वाडीत निम्म्या घरांना कुलूप असतं. गणपतीत आणि शिमग्याला काय ती माणसं दिसतात. शहरं वाढून फायदा झाला तरी कोणाचा?

कडू वाटेल, पण जे गेले त्यांचा झाला. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दर हजार बाळांमागे ग्रामीण भागात साधारण ३८ बाळं वर्षाच्या आत दगावत होती, शहरी भागात २७. शहराच्या आकड्यात झोपडपट्ट्याही आल्या. कॉलेज, एक नोकरी सुटली तर दुसरी शोधण्याची सोय, जात न विचारता मिळणारी निदान काही कामं, हे सगळं गाव सोडणाऱ्याला नीट कळतं.

तुमच्या जिल्ह्याचे आकडे मात्र पाहण्यासारखे आहेत. २००१ ते २०११ या दशकात राज्यात तीनच जिल्ह्यांची लोकसंख्या घटली: रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि चक्क मुंबई शहर. रत्नागिरी १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर आला, मुंबई शहर जिल्हा ३३.३८ लाखांवरून ३०.८५ लाखांवर. चाकरमानी ज्या लालबाग-परळच्या खोलीत उतरायचा, तो भागच माणसं बाहेर टाकत होता. वाढला तो ठाणे जिल्हा, ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर. पालघर तेव्हा त्यातच होता. तुमच्या वाडीतली मुलं आज मुंबईला आहेत असं म्हणायचं, पण राहतात ती नालासोपारा, दिवा नाहीतर बदलापूरला आणि रोजचे दोन-तीन तास लोकलमध्ये काढतात.

आणखी एक आकडा. २००१ मध्ये रत्नागिरीत हजार पुरुषांमागे १,१३६ स्त्रिया होत्या, २०११ मध्ये १,१२२. याचा अर्थ मी असा लावतो: पूर्वी पुरुष एकटा जायचा आणि घरी मनिऑर्डर यायची. आता बायकामुलांसकट घरच उठतं, मग पैसे पाठवायचे कोणाला? तोटा होतो तो मागे राहिलेल्यांचा. शाळेचा पट घसरतो, एसटीची फेरी बंद होते, कलमांच्या बागेत राखणीला आणि मोहराच्या फवारणीला नेपाळहून गडी आणावे लागतात. वाडी पुन्हा भरेल असा दिलासा मी देणार नाही. तालुक्याच्या गावी चांगलं रुग्णालय आणि दोन-चारशे पक्क्या नोकऱ्या आल्या, तर लांज्याचा मुलगा लांज्यातच खोली घेईल आणि शनिवारी वाडीवर येईल, इतपत आशा ठेवता येते.

प्रश्न (डोंबिवली): बाहेरचे लोंढे थांबवले तर मुंबई-ठाणे राहण्याजोगं होईल. सरकार हे का करत नाही?

कारण घटनेच्या १९व्या अनुच्छेदाने नागरिकाला देशात कुठेही जाण्याचा आणि राहण्याचा हक्क दिला आहे. शिवाय ‘बाहेरचे’ कोणाला म्हणायचं? वर लांज्याचं पत्र आहे, त्यांची मुलंही तुमच्याच लोकलमध्ये लोंबकळत असतील.

झोपडपट्टी लोंढ्यांमुळे झाली, हे अर्धंच खरं. २०११ मध्ये बृहन्मुंबईतली ४० टक्क्यांहून जास्त कुटुंबं झोपडपट्टीत होती, आणि त्यांत बहुसंख्य कामाधंद्याची माणसं. त्यांना परवडेल असं भाड्याचं घर मिळत नाही, ही खरी अडचण. १९४७च्या भाडेकायद्याने भाडी १९४०च्या पातळीला बांधली. त्या वेळी ते भाडेकरूंसाठी गरजेचंही होतं, पण तो कायदा दशकानुदशकं तसाच राहिला आणि नवी चाळ बांधणं म्हणजे पैसा गाडणं ठरलं. १९७६च्या कमाल नागरी जमीन धारणा कायद्याने मोकळी जमीन गरिबांच्या घरांसाठी यायची होती. फार थोडी आली, उरलेली कज्ज्यांत अडकली, आणि २००७ मध्ये राज्याने तो कायदा गुंडाळला. मग झोपडीवाल्यांसाठी पुनर्वसनाचे फुकट फ्लॅट निघाले, त्यासाठी झोपडी कधीपर्यंतची हवी ती तारीख १९९५वरून २०००वर गेली, पुढे सशुल्क घरांसाठी २०११वर. भाड्याच्या खोल्या कोणीच बांधल्या नाहीत. लोंढा उद्या थांबला, तरी आज आलेल्यांना घर कुठे आहे?

प्रश्न (वाघोली, पुणे): महापालिकेत येऊन काही वर्षं झाली. मिळकतकराचं बिल वेळेवर येतं, पाणी मात्र अजून टँकरचं. यापेक्षा ग्रामपंचायत बरी नव्हती का?

तुमचा राग रास्त आहे. जून २०२१ च्या अखेरीस २३ गावं पुणे महापालिकेत आली, त्यात वाघोली होती. त्याआधी २०१७ मध्ये ११ आली होती. क्षेत्रफळात पुणे महापालिका मुंबईच्या पुढे गेली. हद्दीची रेघ ओढायला एक अधिसूचना पुरते. जलवाहिनी, साठवण टाक्या आणि ड्रेनेज यांना वर्षं लागतात.

पण ग्रामपंचायत बरी होती, हे मला मान्य नाही. सगळा घोळ झाला तो त्याच काळात. ग्रामीण नळयोजना माणशी रोज ५५ लिटरच्या हिशेबाने आखल्या जातात, शहरासाठी मापदंड १३५ लिटरचा आहे. कागदावर गाव असलेल्या जागी बारा मजली इमारती उठल्या, तेव्हाच टँकर ठरून गेला होता. अशा ठिकाणांना जनगणनेत ‘जनगणना शहर’ म्हणतात: वस्ती किमान ५,०००, कामकरी पुरुषांपैकी पाऊण हिस्सा शेतीबाहेर आणि चौरस किलोमीटरला निदान ४०० माणसं. देशात २००१ मध्ये अशी १,३६२ होती, २०११ मध्ये ३,८९४. महाराष्ट्रात तर त्यांची संख्या नगरपालिका-महापालिका असलेल्या शहरांहून जास्त भरली. मोजणीत ही शहरं, कारभाराला ग्रामसेवक आणि सरपंच. ड्रेनेजचा आराखडा करायला अभियंता नाही. गावकीला फ्लॅटवाले आपले वाटत नाहीत आणि फ्लॅटवाले ग्रामसभेला फिरकत नाहीत. ओढे-नाले याच काळात बुजतात, आणि एकदा त्यांवर इमारत झाली की ती जागा परत मिळत नाही. ओढ्याची वाट अडली की काय होतं, ते २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याकाठच्या लोकांनी पाहिलं, आणि ते तर महापालिकेच्या जुन्या हद्दीत.

शहरीकरणाच्या नावावर खपवले जाणारे निम्मे तोटे माझ्या मते या उशिराचे आहेत. गाव शहर झालंय हे बिल्डरला सगळ्यात आधी कळतं, सरकारला सगळ्यात शेवटी.

पालिकेतून बाहेर पडण्याचा मार्गही चालून झाला आहे. उरुळी देवाची आणि फुरसुंगी २०१७ मध्ये पुण्यात आली, करावरून तक्रारी झाल्या आणि २०२४ मध्ये त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. पुण्याच्या कचऱ्याचा डेपो वर्षानुवर्षं सोसलेल्या गावांना पुण्याबद्दल प्रेम नसावं, हे समजतं. तरी खडकवासल्याच्या पाण्याची वाटणी होताना छोट्या नगरपरिषदेचं ऐकणार कोण, ही मला शंका आहे.

तूर्त एक करा. बांधकाम परवानगीच्या फायलीत पालिकेचं पाणी येईपर्यंत बिल्डर पाणी देईल, असं हमीपत्र आहे का, ते माहितीच्या अधिकारात मागवून पाहा. टँकरची बिलं जपून ठेवा, आणि एकट्याने न जाता रस्त्यावरच्या सगळ्या सोसायट्या मिळून जा.

प्रश्न (स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, लातूर): शहरीकरणाचे फायदे-तोटे पाच-पाच मुद्द्यांत सांगाल का?

नाही! गाइडमध्ये ते आहेतच. एवढंच पाहा की फायदा आणि तोटा दोन्ही एकाच दाटीतून निघतात. दाटी आहे म्हणून एक जलवाहिनी हजार घरांना पुरते आणि दाटी आहे म्हणूनच रोग झपाट्याने पसरतो. मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला आणि १८९८ मध्ये वस्ती सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. शहरांच्या स्थानिक कारभाराला घटनेत स्थान देणारी ७४वी घटनादुरुस्ती आणि पालिकांच्या कामांचे बाराव्या अनुसूचीतले १८ विषय तुम्हाला पाठ असतील. सोबत हेही लिहा की मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपल्यावर पुण्यात तीन वर्षांहून जास्त काळ नगरसेवक नव्हते, प्रशासकच होता.

प्रश्न (नाशिक): गावी शेतात राबत होते, बचत गट चालवत होते. शहरात आल्यापासून घरीच आहे. बाईला शहरात संधी जास्त म्हणतात, ती कुठे आहे?

ताई, आकडे तुमच्याच बाजूचे आहेत. २०२२-२३च्या श्रमशक्ती पाहणीत १५ वर्षांवरच्या स्त्रियांपैकी ग्रामीण भागात सुमारे ४१ टक्के कामात किंवा कामाच्या शोधात होत्या, शहरी भागात २५ टक्के. गावच्या आकड्यात घरच्या शेतीतली बिनपगारी मेहनत बरीच आहे, त्यामुळे तो तेवढा सुखाचा नाही. तरी शहरात बाई घरात का अडकते, याची कारणं साधी आहेत: कामाची जागा लांब, बस बेभरवशाची, पाळणाघर महाग, आणि गावी मूल ज्यांच्याकडे सोडायचात त्या सासूबाई-जाऊबाई इथे नाहीत. शहरी आराखड्यात रस्त्याची रुंदी नेमकी आखलेली असते, पाळणाघरासाठी जागा क्वचितच राखलेली दिसते. तुमच्या हाती बचत गटाचा अनुभव आहे. पालिकेत बचत गटांचं काम पाहणाऱ्या विभागात चौकशी करा, गट शहरातही नोंदवता येतो.

प्रश्न (खेड तालुका, पुणे): चाकण एमआयडीसीजवळ तीन एकर आहे. एजंट म्हणतो, गुंठ्या-गुंठ्याने विका, पैसा जास्त येईल. काय करावं?

पैसा जास्त येईल हे खरं. पण विनापरवाना प्लॉटिंगमध्ये घेणाऱ्याला मिळतो तो सातबाऱ्यावरचा सामाईक हिस्सा आणि बारा फुटी रस्त्याचं तोंडी आश्वासन. असे तुकडे पडू नयेत म्हणून १९४७ मध्ये तुकडेबंदी कायदा झाला. लोकांनी तरी घेतलं, तेव्हा २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा आला, आणि २०२१ मध्ये त्याची मुदत २०२० अखेरच्या बांधकामांपर्यंत वाढवली. दर मुदतवाढीला पुढचा एजंट म्हणतो, ‘होईल की रेग्युलर.’ वाघोलीच्या वाचकांचं दुखणं अशाच घाईतून सुरू होतं.

तुम्ही मगरपट्ट्याचं उदाहरण ऐकलं असेल. हडपसरला १२०च्या आसपास शेतकरी कुटुंबांनी सुमारे ४०० एकर एकत्र केले आणि विकून मोकळं न होता कंपनीत जमिनीच्या प्रमाणात भागीदार झाले. जमीन सलग होती, बहुतेक एकाच भावकीची होती आणि नेतृत्वावर विश्वास होता. तीन एकरांत एकट्याने ते होणार नाही. शेजारचे वीस-पंचवीस एकर जुळत असतील तर बोलणं सुरू करा. पीएमआरडीएची (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची) नगररचना योजना तुमच्याकडे येणार आहे का, तेही विचारा. त्यात जमिनीचा काही हिस्सा रस्ते आणि सोयींसाठी जातो, उरलेला आखीव प्लॉट म्हणून परत येतो. म्हाळुंगे-माणला हाच मार्ग धरला आहे. वेळ फार लागतो, पण मिळतो तो रस्त्यावरचा प्लॉट.

यातलं काहीही करण्याआधी सातबारा आणि फेरफार काढून वारस कोण कोण आहेत ते पाहा. २००५च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत बहिणींचा वाटा भावांइतकाच आहे. एजंट घाई करत असेल तर बहुधा त्याला हे माहीत असतं.