मायनरचे शुल्क परवडेल, खोलीचा हिशेब आधी मांडा

यावल तालुक्यातील एका केळी उत्पादक वाचकांनी सविस्तर पत्र लिहिले आहे. त्यांची कन्या जळगावच्या एका स्वायत्त अभियांत्रिकी महाविद्यालयात मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षात शिकते आणि तिसऱ्या वर्षापासून तिला उपयोजित गणिताची मायनर, म्हणजे मुख्य शाखेसोबत दुय्यम विषयाची जोड, घ्यायची आहे. सहा विषय, १८ क्रेडिट आणि क्रेडिटमागे २,५०० रुपये असे शुल्क महाविद्यालयाने सांगितले आहे. वर्ग सायंकाळी भरणार असून त्यानंतर गावाकडची एसटी मिळत नाही, म्हणून जळगावात खोली घ्यावी लागेल. केळी आणि कापसाची चार एकर शेती आहे, घरखर्च भागून वर्षाला साठ-सत्तर हजार रुपये शिल्लक राहतात आणि बँकेत दोन लाखांची मुदत ठेव आहे. ती मोडावी की शैक्षणिक कर्ज काढावे, हा त्यांचा प्रश्न आहे. त्याऐवजी पुण्याचा ९०,००० रुपयांचा डेटा सायन्सचा क्लास हप्त्यांवर लावावा, असे त्यांच्या शालकांचे म्हणणे आहे.

सप्रेम नमस्कार. मायनर घ्यायला माझी हरकत नाही. मात्र ठेव मोडून किंवा शैक्षणिक कर्ज काढून घेऊ नये, आणि आपण लिहिलेल्या पद्धतीनेही घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या पत्रात शुल्काची चिंता मोठी दिसते, पण शुल्क चार सत्रांत मिळून ४५,००० रुपये आहे. खोली आणि मेस धरून महिना ७,००० रुपये आपण लिहिले आहेत. वर्षाला दहा महिने धरले तर दोन वर्षांत ते १,४०,००० होतात. सध्याच्या एसटी प्रवासाचे महिना १,२०० रुपये वाचतील म्हणून त्यातून २४,००० वजा केले, तरी १,१६,००० उरतात. म्हणजे एकूण १,६१,००० रुपयांपैकी जवळपास तीन चतुर्थांश खर्च सायंकाळच्या वर्गामुळे येतो, गणितामुळे नव्हे. तेव्हा काटकसर करायची तर ती या वर्गांच्या वेळेत करावी लागेल.

त्यासाठी महाविद्यालयाला दोन गोष्टी लेखी विचाराव्यात. पहिली म्हणजे, राज्याच्या नव्या शैक्षणिक आराखड्यात अभियांत्रिकीच्या मूळ पदवीतच १४ क्रेडिटची बहुविद्याशाखीय मायनर सक्तीची आहे आणि १८ क्रेडिटची दुसरी मायनर ऐच्छिक आहे. आपली कन्या या आराखड्यात असेल, तर तिची सक्तीची मायनर कोणत्या विषयाची आहे आणि ती अजून बदलून उपयोजित गणिताची करता येते का, हे आधी पाहावे. तसे जमल्यास हा सगळा जादा खर्च उद्भवतच नाही. दुसरी गोष्ट, मायनरचे किती विषय स्वयम-एनपीटेल या सरकारी ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरून पूर्ण केलेले चालतील? तेथील अभ्यासक्रम विनामूल्य असतात, परीक्षेचे शुल्क विषयाला १,००० रुपये असते आणि बारा आठवड्यांचा विषय साधारणपणे तीन क्रेडिटचा धरला जातो. गृहपाठाला २५ टक्के आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५ टक्के वजन असल्यामुळे हे प्रमाणपत्र नुसते व्हिडिओ पाहून मिळत नाही.

समजा, सहापैकी तीन विषय असे चालले. मग रेषीय बीजगणित, संख्यात्मक पद्धती आणि आंशिक विकलक समीकरणे हे शिक्षकासमोर बसून शिकण्याचे विषय तिसऱ्या वर्षी महाविद्यालयात घ्यावेत आणि संख्याशास्त्र, इष्टतमीकरण असे विषय चौथ्या वर्षी घरून करावेत. खोली एकच वर्ष लागेल. खोलीचे निव्वळ ५८,०००, तीन विषयांचे २२,५०० आणि परीक्षांचे ३,००० मिळून ८३,५०० रुपये होतात, म्हणजे मूळ रकमेच्या निम्म्याच्या आसपास. शिवाय चौथ्या वर्षी मुलाखतींच्या धावपळीत सायंकाळचे वर्ग आड येणार नाहीत. बाहेरून केलेल्या विषयांनाही महाविद्यालय शुल्क लावते का, एवढे मात्र विचारून घ्यावे.

आता ठेवीविषयी. आपण लिहिले आहे की हे दोन लाख येत्या मृगबागेसाठी, दोन एकरांतील नव्या लागवडीसाठी राखले आहेत. मुदतीआधी ठेव मोडल्याने व्याजात बसणारा फटका फार मोठा नसतो. खरी अडचण जूनमध्ये येईल, कारण रोपे, ठिबकची दुरुस्ती आणि खते मग कृषी केंद्राच्या उधारीवर घ्यावी लागतील आणि ती उधारी मालाच्या भावातून वसूल होते. सीएमव्ही या केळीवरील विषाणूजन्य रोगामुळे रावेर-यावल पट्ट्यात उभ्या बागा उपटाव्या लागलेल्या आपण पाहिल्या आहेत, मे-जूनच्या वादळात घडांसह बाग आडवी होते आणि विम्याचे पैसे वेळेवर हाती येतील असे धरून चालता येत नाही. ज्या पैशातून घराचे उत्पन्न उभे राहते तो पैसा शिक्षणाच्या ऐच्छिक भागासाठी वळवू नये, याबाबत मी आग्रही आहे. पीककर्जाची रक्कमही याच कारणासाठी वापरू नये. ते वेळेत फेडले नाही तर व्याजसवलत जाते.

शैक्षणिक कर्जाला एवढ्या रकमेसाठी अर्थ नाही. शिक्षण चालू असताना हप्ता नसला तरी व्याज चढत राहते. या कर्जाच्या व्याजावर प्राप्तिकरात मिळणारी वजावट आपल्या उपयोगाची नाही, कारण शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे. नोकरी लागल्यावर कन्येने कर्ज फेडले तरी नव्या करप्रणालीत ही वजावट मिळत नाही.

पैसे उभे करण्याची रीत अशी ठेवावी. तिसऱ्या वर्षाचा खर्च सत्राला सुमारे ४०,००० आहे. दुसऱ्या सत्राचे पैसे भरण्याच्या वेळी कापसाची विक्री झालेली असते, त्यामुळे ते शिलकीतून निघतील. पहिल्या सत्रात पंधरा-वीस हजार कमी पडले, तर ठेव न मोडता तिच्यावर तेवढेच कर्ज घ्यावे. त्याचा दर ठेवीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के अधिक असतो, आणि कापूस विकला की ते फेडून टाकावे. दोन हेक्टरपर्यंतच्या अल्पभूधारकांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. आपली चार एकर जमीन या मर्यादेत बसते, म्हणून खोली घेतल्यास अल्पभूधारक दाखला आणि राहण्याचा पुरावा जोडून राज्य शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज जरूर करावा. ही रक्कम आली तर ठेवीवरील कर्जात भरावी, हिशेबात आधीच धरू नये. कन्येला शासनाच्या योजनेतून शिक्षण शुल्क माफ असल्याचे आपण लिहिले आहे; ऐच्छिक मायनरचे शुल्क त्यात येते असे गृहीत न धरता कार्यालयातून लेखी उत्तर घ्यावे.

मोबदल्याबद्दल खोटी आशा मी दाखवणार नाही. जळगाव एमआयडीसीतल्या पहिल्या नोकरीत मायनरमुळे पगार वाढेल, असे मानू नये. यंत्रभागांवरील ताणाचे संगणकीय विश्लेषण, पुरवठा साखळीचे नियोजन किंवा विदा (डेटा) विश्लेषण या कामांकडे तिचा ओढा असेल, तर हेच गणित तिथे रोज लागते. एम.टेक.च्या प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेच्या मेकॅनिकल पेपरमध्ये अभियांत्रिकी गणिताला १०० पैकी १३ गुण असतात, आणि गेटमधून एम.टेक.ला गेलेल्या पात्र विद्यार्थ्याला महिना १२,४०० रुपये याप्रमाणे २४ महिने शिष्यवृत्ती मिळते. म्हणजे २,९७,६०० रुपये होतात. त्या १३ गुणांसाठी मायनर आवश्यक नाही, हेही तितकेच खरे. पण पुढे शिकायचे तिच्या मनात असेल तर ही तयारी वाया जात नाही.

शालकांनी सुचवलेल्या क्लासबाबत सावध राहावे. असे बिनव्याजी म्हणवले जाणारे हप्ते बहुधा एखाद्या वित्त कंपनीचे कर्ज असते. मुलीने क्लास मध्येच सोडला तरी हप्ते सुरू राहतात, आणि ते थकले तर आपल्या सिबिल नोंदीवर, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासावर, येतात. पुढच्या पीककर्जाच्या वेळी बँक तीच नोंद पाहते.

शेवटची अट कन्येच्या गुणांची आहे. पहिल्या तीन सत्रांत गणितात केटी (नापास झाल्याने राहिलेला विषय) असेल, तर हा बेत सोडून द्यावा, कारण अनेक कंपन्या मुलाखतीला बसू देतानाच किमान गुणांची आणि केटी नसण्याची अट घालतात. गुण चांगले असतील तर सुरुवात करावी, खोलीचा करार एकाच सत्रापुरता करावा आणि पाचव्या सत्राचा निकाल लागल्यावर पुन्हा बसून ठरवावे. ऐच्छिक मायनर मध्येच सोडली तरी मूळ पदवी अडत नाही आणि आपले नुकसान चाळीस हजारांवर थांबते. निकालात मुख्य विषयांचे गुण टिकले असतील, तर सहाव्या सत्राचे पैसे निःशंकपणे भरावेत.