रिकाम्या लॉबीचा हिशोब

प्रश्न : आम्ही चौघे पाच-विरुद्ध-पाच नेमबाजीचा ऑनलाइन गेम बनवतोय. एवढ्या गर्दीत टिकेल का?

उत्तर : या रूपात अवघड आहे. असे गेम बहुधा रिकाम्या लॉबीमुळे (सामन्याआधी खेळाडू जमतात ती जागा) मरतात. एका सामन्याला १० जण लागतात. ३ मोड (खेळाचे प्रकार), ३ सर्व्हर-विभाग आणि ४ कौशल्य-स्तर ठेवलेत तर ३६ रांगा होतात. म्हणजे एकाच वेळी किमान ३६० जण ताटकळत हवेत! सोनीचा ‘कॉन्कॉर्ड’ हा असाच पाच-विरुद्ध-पाच गेम २३ ऑगस्ट २०२४ला ४० डॉलरला आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. ‘व्हॅलोरंट’सारखा त्याच धाटणीचा गेम फुकट असताना पैसे कोण मोजणार? त्याच किमतीचा ‘हेलडायव्हर्स २’ मात्र जोरात चालला, पण तो चौघांपर्यंत मिळून संगणकाच्या शत्रूंशी खेळायचा, त्यामुळे लॉबी भरायची गरज नाही. एकट्यालाही सुरू करता येतो. तुम्ही एकच मोड, एकच मुंबईचा सर्व्हर ठेवा आणि ३० सेकंदांत माणसं जमली नाहीत तर बॉट (संगणक चालवतो ते खेळाडू) भरा.